छोटू, वय वर्षे बारा

माझा आवाज गोड आहे हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही एका तक्रारीमुळे.

मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागात आहे. ज्यांच्या नळाला पाणी येत नाही ते मला फोन करतात आणि मी त्यांना ते येणार असल्याचं सांगतो. पाणी सोडणं वरच्यांच्या हातात, सांगणं माझ्या. हे काम वर्षानुवर्षं इमानेइतबारे केलं की गळ्याला आपोआप एक मऊपणा येतो. समोरचा कितीही तापलेला असो, 'हो ना, खरंय तुमचं' असं म्हणत म्हणत त्याला कोमट करायचं. माझा एक सहकारी म्हणतो, तुझ्याशी बोलून झालं की लोकांना तहानच लागत नाही. हे कौतुक आहे की टोमणा, याच्या खोलात मी अजून गेलेलो नाही.

तर एके दिवशी आमच्या मुलीच्या शाळेतून फोन आला. मुलांच्या स्वच्छतागृहात पाणी नव्हतं. बोलत होत्या त्या भूगोलाच्या बाई, पण शाळेतली नाटकंही त्याच बसवतात, त्यामुळे सगळे त्यांना नाटकाच्या बाई म्हणतात. मी नेहमीप्रमाणे सुरू झालो, "बाई, अजिबात काळजी करू नका. माझ्यावर विश्वास ठेवा. दुसऱ्या कोणाला सांगायची गरजच नाही, हे आपण दोघं मिळून सोडवू." मला वाटलं फोन कटला. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "पुन्हा एकदा म्हणा बरं."

मी पुन्हा म्हटलं. तुमचं कोणी आमच्या शाळेत आहे का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, मुलगी आहे, सहावीत. मग उद्या शाळा सुटल्यावर येऊन भेटा म्हणाल्या. पाण्याचं त्या विसरल्या, मीही विसरलो. स्तुती ऐकली की माणूस कसा बेसावध होतो, हे पुढे मी सबंध शाळेला शिकवणार होतो. पण त्या क्षणी मी स्वतःच त्याचं उत्तम उदाहरण होतो.

शाळेत इंटरनेटवरच्या सुरक्षिततेचा कार्यक्रम होता. आदल्या वर्षी एका तज्ज्ञांना बोलावलं होतं. त्यांनी हॉलमध्ये अंधार करून पडद्यावर तक्ते दाखवले, आणि मुलं इतकी सुरक्षित झोपली की शेवटी घंटा वाजवून उठवावी लागली. म्हणून यंदा नाटक. गोष्ट साधी होती. एक मुलगी, तिचा खेळण्यातला संगणक, आणि त्या संगणकातून तिच्याशी मैत्री करणारा 'छोटू, वय वर्षे बारा'. शेवटी छोटू मुखवटा काढतो आणि आत मोठा माणूस निघतो. छोटूचं काम आधी खेळाच्या सरांकडे होतं. पण सरांचा आवाज आयुष्यभर मैदानावर गेलेला. तालमीत त्यांनी "माझ्याशी मैत्री करशील?" असं विचारताच पहिल्या रांगेतली मुलं उठून उंचीप्रमाणे उभी राहिली.

"आम्हाला असा आवाज हवा होता," नाटकाच्या बाई म्हणाल्या, "की ऐकताच विश्वास बसावा आणि नंतर पस्तावा व्हावा."

वीस वर्षांच्या नोकरीचं इतकं नेमकं मूल्यमापन आमच्या कार्यालयानेही कधी केलेलं नव्हतं.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा बायकोने हसू दाबलं. ती औषधांच्या दुकानात असते. लोक खोकल्याचं औषध मागत मागत दुसरंच काहीतरी सांगत असतात हे तिला चेहऱ्यावरून कळतं. ती म्हणाली, छानच आहे की, करा. मुलीला मात्र हे अजिबात रुचलं नाही. तिला आम्ही खारू म्हणतो, कारण लहानपणापासून तिने पेन्सिलची मागची बाजू कुरतडल्याशिवाय एक ओळ लिहिलेली नाही. बापाने आपल्या शाळेत येऊन खलनायक व्हावं, तेही आपल्या वर्गासमोर, हे ऐकून तिने एक अख्खी पेन्सिल संपवली. पण संहिता वाचल्यावर तिच्यातला जाणकार जागा झाला. मी छोटूच्या तोंडी 'तुझी प्रकृती कशी आहे?' असं वाक्य घातलं होतं. "बाबा, बारा वर्षांचा मुलगा असं विचारतो का?" तिने सगळी प्रकृती खोडून 'काय करतेस गं, बोअर होतंय' असं लिहिलं. मला त्यात व्याकरण सापडेना, पण बाईंनी पाठ थोपटली.

सल्ल्यांना तर ऊत आला. आमच्या समोरच्या दारात एक निवृत्त गृहस्थ राहतात. कशातून निवृत्त झाले हे कोणालाच ठाऊक नाही. बोलण्यावरून सर्वच विषयांतून झाले असावेत. इमारतीत त्यांना सर्वज्ञ म्हणतात. त्यांनी मला जिन्यात गाठून खलनायकाचं हसणं शिकवलं. ते पोटातून यावं लागतं म्हणे. त्यांनी पोटातून काढून दाखवलं तेव्हा खालच्या मजल्यावरचं कुत्रं पलंगाखाली गेलं. कोणी म्हणालं डोळ्यांत काजळ घाला, कोणी म्हणालं एक पाय ओढत चाला. बायको तेवढी म्हणाली, "काही करू नका. बिल भरायचं विसरल्यावर माझ्याशी जसं बोलता, तसंच बोला."

आणि मी तसंच बोललो.

रंगमंचावर फ्रिजच्या खोक्याची मोठी चौकट कापून संगणकाचा पडदा केला होता. त्यामागे मी, तोंडावर गुबगुबीत गालांच्या पोराचा मुखवटा. हॉल गच्च. पहिल्या दोन मिनिटांत खुसखुस होती, मग हळूहळू सगळं शांत झालं. "आईला सांगू नकोस," मी म्हणालो, "हे आपलं दोघांचं गुपित." मागच्या रांगेतून कोणीतरी लहान मूल म्हणालं, "नको ऐकू गं त्याचं." मला आतून धन्य वाटलं. शेवटी मुखवटा काढायचा क्षण आला. मुखवट्याचं इलॅस्टिक माझ्या चष्म्यात अडकलं होतं. मी जोर लावला. मुखवटा निम्मा उतरला, चष्मा एका कानावर लोंबला, एका बाजूला हसरा छोटू आणि दुसऱ्या बाजूला डोळा बारीक करून चाचपडणारा मी, असा तो चेहरा चौकटीतून बाहेर डोकावला. बालवाडीने एकमुखाने टाहो फोडला. बाई पडद्याआडून पुटपुटल्या, "असंच राहा, हलू नका."

नाटक अफाट झालं. मुलांकडून तीन गोष्टी पाठ करून घेतल्या होत्या: मोठ्याने नाही म्हणायचं, तिथून निघायचं, आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. टाळ्या थांबेनात. मी वाकून नमस्कार केला तर पुढची रांग मागे सरकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव आणायला गेलो. दुकानाच्या पायरीवर दुसरी-तिसरीतलं एक पोर बसलं होतं. माझ्याकडे पाहताच उठून ताठ उभं राहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणालं, "मी तुम्हाला ओळखत नाही. मी घरी सांगणार आहे." आणि निघून गेलं. शिकवल्याप्रमाणे अगदी तंतोतंत. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, नाटक होतं हो. तो म्हणाला, असं का, आणि पाव काउंटरवर ठेवून दोन पावलं मागे उभा राहिला.

मग हे रोजचंच झालं. लिफ्टमध्ये मी शिरलो की पोरं बाहेर. बागेत मी बाकावर बसलो की झोपाळे रिकामे. रस्त्याने चाललो की दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांतून "छोटू आला, छोटू आला" अशी वर्दी पुढे जायची. खारूच्या मैत्रिणी घरी यायच्या बंद झाल्या. ती स्वतः शाळेत जाताना माझ्यापुढे इतक्या अंतरावर चालायची की आम्ही एकाच घरातून निघालो असं कोणालाही वाटू नये. कलेसाठी माणसाला किंमत मोजावी लागते असं मी ऐकलं होतं. पण ते कलावंत निदान तरुण तरी असतात, आणि त्यांना छोटू म्हणत नाहीत.

इथवर सगळं पोरांपुरतं होतं. पोरं शिकवलेलं पाळत होती, म्हणून मनातून मला बरंही वाटत होतं. खरा घोटाळा मोठ्यांनी केला.

हॉलमध्ये कोणी पालकाने नाटक फोनवर टिपलं होतं. त्यातला नेमका शेवटचा तुकडा, 'आईला सांगू नकोस'पासून अर्ध्या मुखवट्यातल्या माझ्या चेहऱ्यापर्यंतचा, कोणीतरी कापून पुढे पाठवला. ज्याला मिळाला त्याला मागचंपुढचं काही ठाऊक नव्हतं. त्याने खाली आपल्या मनाने लिहिलं: हा इसम आपल्या भागात फिरत आहे, मुलांना सांभाळा, जास्तीत जास्त लोकांना पाठवा. आणि लोकांनी पाठवलं. एरवी चार ओळींची सूचना न वाचणारी माणसं असल्या वेळी मोठी कर्तव्यदक्ष होतात.

मला तो व्हिडिओ पहिल्यांदा माझ्या सख्ख्या मावशीकडून आला. खाली तिने लिहिलं होतं, 'जपून राहा रे. हा मेला थोडा तुझ्यासारखाच दिसतो.' दुसऱ्यांदा तो सर्वज्ञांकडून आला, ज्यांनी मला जिन्यात हसणं शिकवलं होतं. सोबत शेरा होता: असल्यांना फटके दिले पाहिजेत. मी समोरचं दार वाजवून म्हणालो, अहो, हा मीच आहे. त्यांनी फोन लांब धरला, मला पाहिलं, पुन्हा फोन पाहिला, आणि म्हणाले, तुम्ही असाल, पण पोस्टमध्ये तसं लिहिलेलं नाही.

कार्यालयात माझ्या खिडकीशी गर्दी वाढली. पाण्याची तक्रार कोणाचीच नव्हती. नुसते बघून जायचे. साहेबांनी मला बोलावून सहानुभूतीने सांगितलं की काही दिवस मागच्या खोलीत बसा, तिथे जुन्या मीटरांची मोजदाद बाकीच आहे. तेव्हा मात्र मला लागलं. वीस वर्षं लोकांच्या शिव्या मी गोड आवाजात झेलल्या होत्या. पण त्या शिव्या पाण्याला होत्या. या मला होत्या.

बायको म्हणाली, पोलिसांत जा. गेलो. टेबलावरच्या हवालदारांनी मान वर केली आणि विनातक्रार मला डावीकडच्या बाकावर बसवलं. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की तक्रार द्यायला आलेले लोक उजवीकडच्या बाकावर आहेत. मी उठून खुलासा केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, व्हिडिओतला माणूस तुम्हीच ना? मी हो म्हणालो. मग तो खोटा कसा? मी म्हणालो, माणूस खरा आहे, बोलणं नाटकातलं आहे. ते म्हणाले, तसं शाळेचं पत्र आणा.

शाळेत मुख्याध्यापिका फार चांगल्या बोलल्या. पत्र देते म्हणाल्या. मग कपाट उघडून फाइल बघितली आणि कपाट पुन्हा बंद केलं. झालं होतं असं की इंटरनेट सुरक्षिततेच्या कार्यक्रमाला वरून मंजुरी यायची होती, ती अजून यायचीच होती. हॉल तर हवा होता. म्हणून कागदोपत्री त्या दिवशी दंतआरोग्य शिबिर झालं होतं. "दात घासण्याच्या प्रात्यक्षिकात आपण सहभाग घेतलात, असं मात्र मी आत्ता लिहून देऊ शकते," त्या म्हणाल्या. मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं: 'आईला सांगू नकोस' हे वाक्य मी दात घासताना म्हटलं, असं हवालदारांना पटवतोय. पत्र न घेताच निघालो.

आणि मग इमारतीच्या दारावर सूचना लागली. रविवारी संध्याकाळी सर्वसाधारण सभा, विषय: इमारतीतील बालकांची सुरक्षितता. नाव कोणाचंच नव्हतं. पण खाली सेक्रेटरींची सही होती, आणि आदल्या दिवशी जिन्यात मी 'कसे आहात' म्हटल्यावर ते भिंतीला बोलल्यासारखे 'बराय' म्हणाले होते. सेक्रेटरींचं रंगाचं दुकान आहे. माणूस कष्टाळू, सरळ, पण तापट. रागावले की त्यांच्या चेहऱ्यावर त्यांच्याच शेडकार्डातल्या छटा क्रमाने दिसतात. चौथ्या मजल्यावर ते, त्यांची पत्नी, आणि चौथीतली मुलगी. लेकीवर जीव टाकतात, आणि लेकीवरूनच सगळ्या जगाशी भांडतात.

रविवारी दुपारी मी सभेत काय बोलायचं याची तालीम करत होतो. बेल वाजली. दार उघडलं तर सेक्रेटरींची मुलगी. गोल चष्मा, हातात टॅब घट्ट धरलेला. मी दोन पावलं मागे उडी मारली आणि "अगं ए, अगं खारू, दोघी बाहेर या" अशी हाक दिली. माझ्या त्या दिवसांतल्या लौकिकाच्या माणसाने एकट्याने मुलाशी बोलणंही बरं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर नाटकात मीच ते शिकवलं होतं. दार सताड उघडं ठेवून बायको, खारू आणि मी असे तिघं उंबऱ्यात रांगेने उभे राहिलो.

मुलीने टॅब आणखी घट्ट धरला. मग चष्म्यातून माझ्याकडे पाहत म्हणाली, "तुम्ही छोटू ना? मग तुम्हाला माहीत असेल. खरा छोटू कसा ओळखायचा?"

मी म्हणालो, का गं? तेव्हा तिने टॅब पुढे केला.

ती घरं बांधायचा एक खेळ खेळायची. त्यात तिला एक मैत्रीण मिळाली होती, आपल्याच वयाची म्हणून सांगणारी. मैत्रिणीने तिला खेळातला जांभळा घोडा भेट दिला. मग विचारलं, तुझ्या खिडकीतून काय दिसतं? हिने फोटो पाठवला. त्यात समोरची पाण्याची टाकी होती आणि कोपऱ्यात शाळेचं फाटक. मग मैत्रीण म्हणू लागली, आता तुझा शाळेच्या गणवेशातला फोटो पाठव. नाही पाठवलास तर घोडा तू चोरलास असं तुझ्या बाबांना सांगेन. आणि शेवटचा निरोप त्याच सकाळचा होता. मी तो दोनदा वाचला. तिथे लिहिलं होतं: आईला सांगू नकोस, हे आपलं दोघींचं गुपित.

"हे तुमचं वाक्य आहे," मुलगी म्हणाली. "म्हणून मला कळलं."

भूगोलाच्या बाईंनी लिहिलेलं, खारूने दुरुस्त केलेलं आणि मी बिल विसरल्याच्या सुरात म्हटलेलं ते वाक्य. त्याच्यापायी मी मागच्या खोलीत मीटर मोजत होतो. त्या क्षणी मला वाटलं, खुशाल मोजेन.

मी उकिडवा बसलो. तिला म्हणालो, यात तुझी काही चूक नाही. तू अगदी बरोबर केलंस. तिने विचारलं, घोडा परत द्यावा लागेल का? मी म्हणालो, नाही. बायको तोवर टॅब बघत होती. ती म्हणाली, काहीही पुसू नका, उत्तरही पाठवू नका, सगळं जसंच्या तसं ठेवा, पोलिसांना लागेल. आणि आधी हिच्या घरी सांगायला हवं. घरी म्हणताच मुलीचा चेहरा पडला. बाबा ओरडतील, टॅब काढून घेतील, म्हणूनच तर ती माझ्याकडे आली होती. विश्वासातला मोठा माणूस शोधायला सांगितलं होतं, आणि सगळ्या इमारतीत तिला तो सापडला मी.

आम्ही येतो बरोबर, असं मी म्हणालो खरा. पण जिना चढताना मला जाणवलं की संध्याकाळी जो माणूस सगळ्यांसमक्ष माझा निकाल लावणार आहे, त्याच्याच दारात मी त्याच्या लेकीला घेऊन निघालोय. पुढे मुलगी, मागे बायको, मग मी. आणि माझ्या शेजारी खारू चालत होती. कितीतरी दिवसांनी शेजारी.

सेक्रेटरींनी दार उघडलं. मला पाहिलं, मुलीला पाहिलं, आणि शेडकार्ड फिकट गुलाबीपासून सुरू झालं. त्यांनी तोंड उघडण्याआधी मुलगीच बोलली. सगळं एका दमात सांगितलं, घोड्यासकट. तिची आई आतून धावत आली आणि तिला कवटाळून बसली. सेक्रेटरी गडद तांबड्यावर पोचले होते. किती वेळा सांगितलं होतं, कोणी सांगितला होता तो खेळ, आण तो टॅब इकडे, असं म्हणत त्यांनी तो हिसकावून डोक्यावर उचलला. जमिनीवर आपटणार होते. मुलीने डोळे मिटून घेतले.

मी माझ्या कार्यालयातल्या आवाजात बोललो. दुसरा आवाज मला येतच नाही. "साहेब, तुमचा राग अगदी खरा आहे. पण तो पुरावा आहे, तेवढा खाली ठेवा. आणि तिच्यावर ओरडू नका. ती सांगायला आली. आज ओरडलात तर पुढच्या वेळी ती येणार नाही."

ते हात वर धरून तसेच उभे राहिले. मग टॅब हळूच टेबलावर ठेवला आणि चपलांच्या स्टँडवर मटकन बसले. त्यांनी मुलीला जवळ ओढलं आणि विचारलं, घाबरली होतीस का? तिने मान हलवली. "मग मला का नाही सांगितलंस?" असं त्यांनी विचारलं, पण उत्तर त्यांना ठाऊक असावं, कारण त्यांनी ते यायची वाट पाहिली नाही.

सभा पुढे ढकलली. आम्ही सगळे पोलिसांत गेलो. टेबलावर तेच हवालदार. त्यांनी मला पाहून सवयीने डावा बाक दाखवला. सेक्रेटरी म्हणाले, "ते माझ्याबरोबर आहेत," आणि मी उजवीकडे बसलो. उजवा बाक डाव्यापेक्षा जास्त करकरतो. पण इतक्या सुखाने मी आजवर कुठल्याच बाकावर बसलो नसेन. आत सायबर विभागाच्या एक बाई होत्या. त्यांनी खुर्ची मुलीच्या समोर ओढली आणि सगळं तिलाच विचारलं, आम्हाला नाही. मध्ये सेक्रेटरी उत्तर द्यायला गेले तर हात वर करून थांबवलं. निरोपांचे फोटो घेतले, ते खातं कसं अडवायचं, खेळाच्या कंपनीला कसं कळवायचं ते करून दाखवलं. निघताना मुलीला म्हणाल्या की मोठी माणसंसुद्धा अशा वेळी लपवतात, तू नाही लपवलंस. मुलीने त्यांना विचारलं की छोटूकाकांच्या व्हिडिओचं काय. बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. पत्राबित्राचं काही विचारलं नाही. नाटकाच्या बाईंना फोन लावला, पाच मिनिटं बोलल्या, आणि हवालदारांना म्हणाल्या, यांची तक्रार घ्या.

काही आठवड्यांनी सेक्रेटरींना त्याच बाईंचा फोन आला. त्या खात्यामागचा माणूस आणखी काही मुलांशी असाच बोलत होता. त्याच्यापर्यंत पोचले होते, आणि त्या मुलांच्या घरी कळवलं होतं. सेक्रेटरी हे सांगायला स्वतः खाली आले. पुढे ढकललेली सभाही झाली. तिथे त्यांनी उभं राहून सांगितलं की तो व्हिडिओ इमारतीच्या ग्रुपवर पहिल्यांदा आपण टाकला होता, न बघता, न विचारता. मग सगळ्यांदेखत खुलासा लिहून पाठवला. खुलाशाचं एक असतं. अफवा लिफ्टने जाते, खुलासा जिन्याने, आणि तोही प्रत्येक मजल्यावर दम खात. माझ्या मावशीपर्यंत तो अजून पोचलेला नाही. सर्वज्ञांनी मात्र सभेत जाहीर केलं की आपल्याला पहिल्यापासून शंका होतीच. हसणं पोटातून आलेलं नव्हतं.

साहेबांनी मला पुन्हा खिडकीशी बसवलं. शाळेने एक नवीन गोष्ट सुरू केली. दर शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर वाचनालयात कोणीतरी मोठं माणूस बसेल. कोणाही मुलाला फोनवरचं, खेळातलं, ग्रुपमधलं काही सांगायचं असेल तर येऊन सांगावं. दार उघडं, शेजारी एक बाई, रागवायचं नाही, हे नियम. कोणाला बसवायचं ते मुलांनाच विचारलं, आणि मुलांनी माझं नाव सांगितलं. म्हणजे नाव नाही, छोटूकाका. मंजुरी अजून यायची आहे, म्हणून कागदोपत्री मी तिथे दातांची तपासणी करतो. साहेबांकडून मी अर्ध्या दिवसाची सवलत मिळवली. त्यासाठी त्यांच्याशी याच आवाजात बोलावं लागलं.

पहिल्या शुक्रवारी कोणीच आलं नाही. दुसऱ्या वेळी एकाने येऊन विचारलं की स्वच्छतागृहात पाणी कधी येणार. मग हळूहळू येऊ लागली. कोणाचा पासवर्ड मित्राने घेतला होता, कोणाला रोज कोणीतरी भीती घालणारे व्हिडिओ पाठवायचं, एकीला आपला फोटो आजीने सगळीकडे टाकला होता तो काढायचा होता. बहुतेक गोष्टी पाच मिनिटांत सुटायच्या. ज्या सुटायच्या नाहीत त्यांच्यासाठी आम्ही मुलाबरोबर त्याच्या घरी जायचो. सोडवायचं कसं हे मला फारसं येत नव्हतं; पुढचा बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, एवढं मात्र वीस वर्षांत पक्कं झालं होतं.

परवा रांगेत चार-पाच पोरं होती. मी मान खाली घालून एकाचं ऐकत होतो. ते उठलं, पुढचं बसलं, आणि मी वर पाहिलं तर समोर खारू.

मी म्हणालो, अगं, तू इथे काय करतेस? घरी का नाही सांगितलंस? एकाच जेवणाच्या टेबलावर आपण रोज बसतो. मला मनातून लागलंच. बाहेरच्या सगळ्या मुलांनी माझ्याशी बोलावं आणि पोटच्या पोरीने रांगेत नंबर लावून यावं.

"घरी सांगितलं की तू आधी वायफायचा पासवर्ड बदलतोस," ती म्हणाली. "आणि मग ओरडतोस. इथे तुला ओरडता येत नाही."

शेजारच्या बाई पुस्तकात डोकं घालून बसल्या, पण त्यांचे खांदे हलत होते. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. बापाने द्यावं असं एक चांगलं खणखणीत उत्तर माझ्या जिभेवर आलंही होतं. मग मागच्या रांगेकडे लक्ष गेलं. तिथली सगळी पोरं कान देऊन बघत होती, हा आता काय करतो म्हणून.

मी तोंड मिटलं. खुर्ची जरा पुढे ओढली. म्हणालो, बरोबर आहे तुझं. सांग.

तिने मागे वळून पाहिलं, पेन्सिल खिशात ठेवली, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "वर्गाच्या ग्रुपवर सगळे एका मुलीला हसतात. मीपण हसले होते. आता मला ते थांबवायचंय." आणि पहिल्यापासून सांगायला लागली.